रेडिएटरच्या जखमेवर हळद

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो आणि पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा. उन्हाळ्यात या घाटांत एक दृश्य हमखास दिसते. वळणावरची थोडी सपाट जागा पाहून एखादी जुनी गाडी उभी असते. तिच्या पुढच्या भागातून वाफ निघत असते आणि चालक हातात प्लॅस्टिकचा कॅन घेऊन पाणी शोधत असतो. ‘गाडी गरम झाली’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा त्यामागचे कारण अगदी क्षुल्लक असते. रेडिएटरला सुईने पाडल्यासारखे बारीक छिद्र पडलेले असते आणि त्यातून पाणी गळून गेलेले असते.

अशा वेळी जुने ट्रकचालक एक घरगुती उपाय सांगतात, ‘रेडिएटरात हळदपूड टाका, गळती थांबेल!’ मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत याच कामासाठी पूड किंवा द्रव भरलेले तयार डबेही मिळतात. ऐकणाऱ्याला हसू येते, पण पुष्कळदा गळती खरोखरच थांबते. मग चांगला मेस्त्री या उपायाचे नाव काढताच कपाळाला आठ्या का घालतो? गंमत अशी, की हळद का लागू पडते आणि मेस्त्री का रागावतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते आपण शोधू या.

इंजिनाला पाणी कशाला?

आपल्या उदाहरणासाठी एक जुनी व्हॅन घेऊ. मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली. पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. शाळेची मुले, भाजीपाला, लग्नाचे वऱ्हाड असे सारे काही वाहून नेणाऱ्या या व्हॅन आपण पाहिलेल्या आहेत. तिचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली बसवलेले असते.

इंजिनाच्या सिलिंडरात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेटते तेव्हा तेथील वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. मग इंजिन वितळत का नाही? कारण सिलिंडरांच्या भोवती पाणी सतत खेळत असते आणि ते उष्णता उचलून नेते. पेट्रोलमधून मिळालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने चौथा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच किंवा थोडी अधिक उष्णता पाण्याकडे जाते आणि उरलेली बरीचशी धुराबरोबर बाहेर पडते.

मळ्यातल्या विहिरीवरचे डिझेल इंजिन तुम्ही पाहिले असेल. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने अशी इंजिने बनवून मोठे नाव मिळवले. विहिरीवरच्या इंजिनाची सोय सोपी असते. उपसलेल्या पाण्यापैकी थोडे पाणी नळीने इंजिनात फिरवायचे आणि गरम झाले की पाटात सोडून द्यायचे. विहीर जवळच असते, पाण्याला तोटा नसतो. धावत्या गाडीला विहीर बरोबर नेता येत नाही. म्हणून तिला तेच चार-पाच लिटर पाणी पुन्हा पुन्हा वापरावे लागते. तापलेले पाणी पंपाने रेडिएटरात ढकलायचे, तेथे अनेक चपट्या, अरुंद नळ्यांतून ते वाहताना वाऱ्याने थंड करायचे आणि परत इंजिनात आणायचे. या पंपाला गॅरेजमध्ये ‘वॉटर बॉडी’ म्हणतात.

घाटाचे गणित

हे थोडेसे पाणी किती मोठे काम करते, ते वहीवर मांडून पाहा. वाईपासून पाचगणीपर्यंत गाडी सुमारे ५५० मीटर उंच चढते. माणसांसह व्हॅनचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम धरू. तिला वर उचलण्यासाठी लागणारे कार्य म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार :

१२०० × ९.८ × ५५० = सुमारे ६५ लाख जूल

साधारण तेवढीच उष्णता, म्हणजे निदान ६५ लाख जूल, या चढावर पाण्याच्या वाट्याला येते. आता रेडिएटर काहीच काम करीत नाही असे समजा. ४ लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांवरून ९८ अंशांवर न्यायला किती उष्णता लागेल?

४ × ४२०० × ६८ = सुमारे ११.४ लाख जूल

म्हणजे चढाचा पाचवा हिस्सा संपण्यापूर्वीच पाण्याला उकळी फुटेल! इंजिनाच्या धातूलाही तापायला थोडी उष्णता लागते. ती आपण सोडून दिली आहे, पण त्यामुळे निष्कर्ष फारसा बदलत नाही. शिवाय घाटात इंजिनावर ताण सर्वांत जास्त आणि गाडीचा वेग सर्वांत कमी असतो. रेडिएटरला वाऱ्याची गरज जास्तीत जास्त असते तेव्हाच समोरून वारा कमी मिळतो.

गळतीचे दुहेरी नुकसान

आता रेडिएटरच्या झाकणाकडे पाहू. ते साध्या बरणीचे झाकण नव्हे. प्रेशर कुकरच्या शिटीप्रमाणे त्यात स्प्रिंगची झडप असते. पुष्कळ झाकणांवर ०.९ असा आकडा कोरलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅमने वाढेपर्यंत ही झडप उघडत नाही, असा त्याचा अर्थ. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या पातेल्यातले पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. त्याहून उंच पाचगणीला ते ९६ अंशांच्या आसपासच उकळते. पण ०.९ च्या झाकणाखाली तेच पाणी सुमारे ११७ अंशांपर्यंत उकळत नाही. इंजिनाला वीस अंशांची सवलत मिळते, ती या झाकणामुळे.

छिद्र पडले की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे पाणी जाते. अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे छिद्र घ्या. पूर्ण दाब असताना त्यातून पाणी सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने उसळते आणि दर मिनिटाला सुमारे १०० मिलिलिटर पाणी बाहेर जाते. दहा मिनिटांत एक लिटर! दुसरी गोष्ट अशी, की अशा गळतीमुळे आत पुरेसा दाब टिकेनासा होतो. मग उत्कलनबिंदू खाली घसरतो आणि उरलेले पाणीही लवकर उकळू लागते. पाण्याची पातळी खाली गेली की सिलिंडरांच्या वरचे झाकण, म्हणजे ‘हेड’, कोरडे पडते आणि तापून वाकडे होते. ‘हेड गेले’ असे मेस्त्री म्हणतो, ते हेच. छिद्र होते अर्ध्या मिलिमीटरचे, पण त्यापायी इंजिन उघडण्याची वेळ येते. ज्या घराचे पोट त्या एका व्हॅनवर चालते, त्या घराला हा खर्च किती जड जात असेल, याची कल्पना करा.

हळद करते काय?

हळद जखमेवर लावतात, तशी ती रेडिएटरच्या जखमेवरही चालते, असे गमतीने म्हणतात. पण हळदीचा औषधी म्हणून गाजलेला पिवळा घटक, कुर्क्युमिन, याचा येथे काही संबंध नाही. हळदपुडीत तो थोडाच असतो. पुडीचा बराचसा भाग पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा असतो आणि त्याबरोबर वनस्पतीचे चिवट तंतू असतात. काम करतात ते हे दोघे.

छिद्राच्या आत दाब जास्त असतो आणि बाहेर कमी. त्यामुळे पाणी वेगाने छिद्राकडे धावते आणि कणांनाही ओढून नेते. कण छिद्रापेक्षा लहान असले तरी सारे सरळ बाहेर पडत नाहीत. चक्कीच्या वरच्या पेटीत धान्य अडते, तेव्हा काय होते ते आठवा. दाणे तोंडापेक्षा कितीतरी लहान असतात, पण दोन-चार दाणे एकदमच तोंडाशी आले की एकमेकांना रेटून कमान रचतात. मागच्या दाण्यांचा भार जितका जास्त, तितकी ती कमान घट्ट बसते. छिद्राच्या सुमारे एकतृतीयांश आकाराचे कण अशी कमान सहज रचतात. एकदा मोठ्या कणांची कमान झाली की तिच्या फटींत त्याहून लहान कण अडकतात, त्यांच्या फटींत आणखी लहान. तंतू त्यांना आडवे बांधून टाकतात. गरम पाण्यात पिष्ट फुगून चिकट झालेले असते, ते खळीसारखे सर्व फटी लिंपते. छिद्राच्या बाहेरच्या बाजूने हवा लागते, पाणी उडून जाते आणि बूच वाळून टणक होते.

हळदीची बाजारपेठ म्हणून सांगलीचे नाव सर्वत्र आहे आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. शेतातून काढलेली हळकुंडे शिजवून, वाळवून, घोळून मग बाजारात येतात. शिजवताना हळकुंडातले पिष्ट फुगते आणि वाळल्यावर ते शिंगासारखे टणक बनते. दळलेल्या पुडीचे कण पाण्यात पडले की पुन्हा पाणी शोषून फुगू लागतात. रेडिएटरला नेमके हेच हवे असते.

ही युक्ती आपल्याकडचीच आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने काही गाड्यांच्या शीतन-यंत्रणेत घालण्यासाठी बारीक गळती बुजवणाऱ्या गोळ्या वापरल्या. त्या गोळ्यांत दळलेले आले असे! आले आणि हळद एकाच वनस्पतिकुलातली, म्हणजे चुलत बहिणीच. दोघींच्या कंदांत पिष्ट आणि तंतू असतात, म्हणून दोघी एकच काम करतात.

याहून नवलाची हकीगत ‘नॉटिलस’ या पहिल्या अणुपाणबुडीची आहे. १९५८ साली उत्तर ध्रुवाच्या मोहिमेपूर्वी तिच्या वाफ थंड करणाऱ्या यंत्रणेत बारीक गळती सुरू झाली. पुष्कळ शोधूनही ती जागा सापडेना. तेव्हा कप्तान अँडरसन यांच्या सांगण्यावरून खलाशांनी सिॲटल शहरात मोटारींच्या रेडिएटरसाठी मिळणाऱ्या गळतीरोधकाचे १४० डबे विकत आणले. त्यांतले निम्मे ओतल्यावर गळती थांबली आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी नॉटिलस बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली.

द्रवातून काच

काही गळतीरोधकांत पूड नसते, जलकाच असते. रसायनशास्त्रात तिला सोडियम सिलिकेट म्हणतात. ती पाण्यात विरघळते, म्हणून गाळणीतूनही पार जाते. पण फटीतून झिरपताना तापलेल्या धातूशी किंवा गरम वायूशी गाठ पडली की तिच्यातले पाणी निघून जाते आणि मागे काचेसारखा कठीण थर राहतो. म्हणून हेड आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटची बारीक गळती थोपवण्यासाठी ती वापरतात.

हाच गुण किती घातक ठरू शकतो, तेही पाहा. २००९ साली अमेरिकन सरकारने जुन्या, जास्त पेट्रोल खाणाऱ्या गाड्या मोडीत काढण्याची योजना राबवली. ती इंजिने पुन्हा वापरात येऊ नयेत, म्हणून त्यांच्यातले तेल काढून त्या जागी सोडियम सिलिकेटचे द्रावण भरीत आणि इंजिन चालू करीत. थोड्याच वेळात इंजिन कायमचे जाम होई. एका जागी जे औषध, तेच दुसऱ्या जागी विष!

आंधळी पूड

आता मेस्त्रीच्या कपाळावरच्या आठ्यांकडे वळू. आपले बोट कापले की रक्त गोठते, पण शरीरभर गोठत नाही. जखमेच्या जागी उघड्या पडलेल्या ऊतींमुळेच गोठण्याची क्रिया सुरू होते. जखम कोठे आहे, हे रक्ताला अशा रीतीने कळते. हळदपुडीला ते कळण्याचा काही मार्ग नाही. तिला छिद्र दिसत नाही. तिला समजते ती एकच गोष्ट, अरुंद जागा.

आणि रेडिएटरात अरुंद जागा कोठे नसते? त्याच्या चपट्या नळ्यांची आतली रुंदी पुष्कळदा एक-दोन मिलिमीटरच असते. जुन्या व्हॅनमध्ये तर ती आणखी कमी झालेली असते. वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी घातल्यामुळे नळ्यांत क्षारांचा थर साचतो आणि त्यात गंजाचा गाळ मिसळतो. अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र बुजवणारी पूड अशा नळीतही तितक्याच निष्ठेने कमान रचते. छिद्र बुजते, पण त्याबरोबर दहा नळ्याही बुजतात. पाणी गळायचे थांबते आणि वाहायचेही थांबते. मग रेडिएटर भरलेला असूनही गाडी गरम होते. नळ्यांतली हळद पुढे कुजते ती वेगळीच.

हळद लागू पडते ती अरुंद वाट बुजवते म्हणून. मेस्त्री रागावतो तोही ती अरुंद वाट बुजवते म्हणूनच.

मग वापरावी की नाही?

आधी पाणी कोठून जाते, ते शोधावे. गाडी रात्रभर उभी करून सकाळी तिच्याखाली पाहावे. रबरी होज पाइपची क्लिप सैल झाली असेल, तर पेचकसाचे दोन फेरे पुरतात. तेथे हळद घालणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. होज पाइप चिरला असेल किंवा पंपाचे सील गेले असेल, तर पुडीवर विसंबू नये, तो भाग बदलावा. बाहेर थेंबही दिसत नाही, पाणी मात्र कमी होते, धूर पांढरा येतो किंवा तेल दुधाळ दिसते, अशी लक्षणे असतील तर गॅस्केटचा संशय धरून गाडी न चालवणेच बरे.

रेडिएटरच्या नळीलाच बारीक छिद्र असेल आणि घाटात, गावापासून दूर अडकायला झाले असेल, तर गळतीरोधक हा गॅरेजपर्यंत पोचण्याचा एक मार्ग आहे. तयार डबा असेल तर त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरावा. हळदच घालायची झाली तर एक-दोन चमचे, मूठभर नव्हे. मुलांनी भरलेली व्हॅन मात्र अशा बुचाच्या भरवशावर घाटात नेऊ नये. मुक्कामी पोचल्यावर यंत्रणेतले सर्व पाणी काढून, स्वच्छ पाण्याने ती पुन्हा पुन्हा धुवावी. तांबे-पितळेच्या जुन्या रेडिएटरला कारागीर कथलाचा डाग देऊन छिद्र पक्के बंद करतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला असा डाग सहज बसत नाही, तो बहुधा बदलावा लागतो.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. गाडी गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि कोणाला उघडूही देऊ नये. समजा, आतले ४ लिटर पाणी दाबाखाली ११५ अंशांना आहे. पाचगणीजवळ झाकण उघडताच दाब जातो आणि उत्कलनबिंदू ९६ वर येतो. वरच्या १९ अंशांची उष्णता एकदम मोकळी होऊन सुमारे १४० ग्रॅम पाण्याची क्षणार्धात वाफ होते. तिचे आकारमान अडीचशे लिटरांच्या घरात जाते! ती वाफ उकळते पाणी बरोबर घेऊन थेट तोंडावर येते. ‘फडके धरून हळूच उघडतो’ म्हणणाऱ्यांचे हात आणि चेहरे असेच भाजतात. इंजिन बंद करावे आणि झाकण हाताला गार लागेपर्यंत, अर्धा-पाऊण तास लागला तरी थांबावे.

आणखी एक सूचना. बाजारातील हिरव्या-लाल कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, पण विषारी असते. गळलेले कूलंट लहान मुले किंवा कुत्री-मांजरे चाटणार नाहीत, याची काळजी घ्या.

तुम्हीच करून पाहा

साहित्य : प्लॅस्टिकची एक लिटरची रिकामी बाटली, सुई, बॉलपेनची रिकामी, धुतलेली रिफिल, थोडे मेण, हळदपूड, घड्याळ.

बाटलीच्या तळाजवळ सुईने एक छिद्र पाडा. ही झाली गळती. दुसऱ्या बाजूला, त्याच उंचीवर, रिफिलचा चार सेंटिमीटरचा तुकडा आडवा बसवून भोवती मेण लावा. ही झाली रेडिएटरची नळी. दोन्हींखाली एकेक पेला ठेवा. बाटलीत साधे पाणी भरून एका मिनिटात प्रत्येक पेल्यात किती पाणी जमते, ते मोजा. मग बाटली पुन्हा तितकीच भरून अर्धा चमचा हळदपूड चांगली ढवळा आणि पुन्हा मोजा. प्रत्येक वेळी अर्धा चमचा हळद वाढवत जा. मधूनमधून ढवळायला विसरू नका, नाहीतर पूड तळाशी बसेल. कोमट पाणी वापरायचे असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखालीच वापरा.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर हळदीचे चमचे आणि उभ्या अक्षावर मिनिटाला जमलेले पाणी घेऊन दोन रेषा काढा, एक छिद्राची आणि एक नळीची. छिद्राची रेषा खाली येऊ लागेल तेव्हा नळीच्या रेषेवर नजर ठेवा. ती किती चमच्यांनंतर वाकू लागते? ज्या जागी पहिली रेषा शून्याजवळ आलेली असते आणि दुसरी अजून वाकलेली नसते, तेवढीच तुमच्या औषधाची सुरक्षित मात्रा. ही जागा किती अरुंद आहे, हे एकदा आलेखावर पाहिले की मेस्त्रीच्या आठ्यांचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.